युक्तिवाद कमकुवत करायला सांगणारे प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉजिकल रिझनिंगची तयारी करणारे लोक फिरून फिरून त्याच ठिकाणी येऊन अडकतात, मीही तिथेच अडकलो होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. या प्रश्नांत एक छोटा उतारा (पॅसेज) देतात, आणि त्यातला युक्तिवाद (आर्ग्युमेंट) सगळ्यात जास्त कमकुवत (वीकन) करणारं विधान पाच ऑप्शनमधून निवडायचं असतं. उदाहरणं एलसॅट (अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा) आणि जीमॅट (एमबीएची प्रवेश परीक्षा) डोळ्यासमोर ठेवून दिलीत, पण हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत आला तरी त्याची हाडं तीच असतात.

प्र. ‘वीकन’ म्हणजे नक्की करायचं काय? आर्ग्युमेंट खोटं पाडायचं का?

खोटं पाडायचं नाहीये. प्रश्न एवढंच विचारतो की ही नवी माहिती कळल्यावर निष्कर्षावरचा तुमचा विश्वास कमी होतो का. आधी ऐंशी टक्के वाटत होतं आणि आता पन्नास वाटतंय, झालं काम. बाकीचे चार ऑप्शन त्याला ढिम्म हलवत नसतील तर ऐंशीचा सत्तर करणारा ऑप्शनसुद्धा उत्तर असतो.

मी हे टेबलासारखं डोळ्यासमोर आणतो. पुरावा म्हणजे पाय, निष्कर्ष म्हणजे वरची फळी. तुम्हाला पाय तोडायचा नाही आणि फळीवर कुऱ्हाडही घालायची नाही, दोघांना जोडणारा जो स्क्रू आहे तो ढिला करायचाय. हा स्क्रू पॅसेजमध्ये लिहिलेला नसतो, लेखकाने तो गृहीत धरलेला असतो, म्हणून तर तो पटकन दिसत नाही.

प्र. ऑप्शनमधलं विधान मला साफ खोटं वाटतं, तरी ते उत्तर असू शकतं?

हो. प्रश्नातच लिहिलेलं असतं, ‘पुढीलपैकी कोणतं विधान, खरं असल्यास...’. हे ‘खरं असल्यास’ लोक वाचतात आणि विसरतात. पाचही ऑप्शन देवाने सांगितल्यासारखे खरे मानायचे आणि मग बघायचं की खरे मानल्यावर आर्ग्युमेंटचं काय होतं. एखाद्याला विषयाचं ज्ञान जास्त असलं की उलट त्रास होतो, तो ऑप्शनशीच भांडत बसतो, ‘असं कुठे असतं का’ वगैरे, आणि दीड मिनिट जातं.

प्र. निष्कर्षच सापडत नाही. तो शेवटच्या वाक्यात असतो ना?

असतो कधीकधी, पण त्यावर विसंबू नका. पहिल्या वाक्यात असतो, मध्ये असतो, ‘काही लोक म्हणतात की अमुक, पण ते चुकीचं आहे’ अशा रूपात असतो, मग निष्कर्ष होतो ‘अमुक नाही’. ‘म्हणून’ दिसलं की लोक खूश होतात पण मधला छोटा निष्कर्षही ‘म्हणून’ लावून येतो आणि त्याच्यावर उभा असलेला मोठा निष्कर्ष पुढे असतो. मी प्रत्येक वाक्याला विचारतो, ‘कशावरून?’ ज्या वाक्याच्या ‘कशावरून’चं उत्तर बाकीची वाक्यं देतात आणि जे स्वतः दुसऱ्या कुठल्या वाक्याला आधार देत नाही, ते वाक्य निष्कर्ष.

आणि निष्कर्ष जसाच्या तसा पकडा. ‘अपघात कमी झाले’ हा वेगळा, ‘कॅमेऱ्यांमुळे अपघात कमी झाले’ हा वेगळा, ‘आणखी कॅमेरे बसवले तर अपघात आणखी कमी होतील’ हा तर तिसराच. चुकीच्या निष्कर्षाला कमकुवत करणारा एक गोड ऑप्शन पेपर काढणारे हमखास ठेवतात.

प्र. एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवा ना.

दाखवतो. कॅमेऱ्यांचाच घेऊ, मीच बनवलाय.

*एका शहरात गेल्या वर्षी दहा चौकांत सिग्नल मोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे बसवले. एका वर्षात त्या दहा चौकांतले अपघात ३० टक्क्यांनी कमी झाले. यावरून दिसतं की कॅमेऱ्यांमुळे वाहनचालक सावध झाले आणि त्यामुळे अपघात घटले.*

अ) कॅमेरे बसवायला अंदाजापेक्षा बराच जास्त खर्च आला.
ब) काही चालकांना कॅमेरे कुठे बसवलेत हे माहीत नव्हतं.
क) कॅमेरे बसले त्याच सुमारास शहराबाहेरून रिंग रोड सुरू झाला आणि या दहा चौकांतून जाणारी बहुतेक जड वाहनं तिकडे वळली.
ड) त्याच वर्षात कॅमेरे नसलेल्या चौकांत अपघात थोडे वाढले.
इ) कॅमेऱ्यांमुळे मिळालेल्या दंडाची रक्कम रस्तेदुरुस्तीसाठी राखून ठेवली जाते.

ऑप्शन वाचायच्या आधी मी एक सेकंद थांबतो. पुरावा काय? कॅमेरे आले, अपघात घटले. निष्कर्ष काय? कॅमेऱ्यांमुळे घटले. मधला स्क्रू कुठला? दुसरं काहीच बदललेलं नाही, हा. म्हणजे मला दुसरं काहीतरी बदललं असं सांगणारा ऑप्शन हवाय.

‘अ’ खर्चाचं बोलतो, खर्चावर कोणी दावाच केलेला नाही, सोडा. ‘इ’ भविष्यातल्या दुरुस्तीचं, तेही सोडा. ‘ड’ नीट बघा, इतरत्र अपघात वाढतायत आणि इथे घटतायत म्हणजे कॅमेऱ्यांची बाजू उलट भक्कम झाली, घाईत माणूस इथे फसतो कारण ‘अपघात वाढले’ हे शब्द नकारात्मक वाटतात. ‘ब’ हा खरा चकवा. काही चालकांना माहीत नव्हतं, बरं, किती? दोन? आणि ज्यांना माहीत होतं ते सावध झाले असतील तर निष्कर्ष जिथल्या तिथे. ‘क’ने मात्र थेट दुसरं कारण समोर ठेवलं, जड वाहनं गेली म्हणून अपघात घटले असतील. कॅमेऱ्यांचा वाटा शून्य आहे असं सिद्ध झालं का? नाही झालं. पण आता ‘कॅमेऱ्यांमुळेच’ म्हणताना जीभ अडखळते. उत्तर क.

याच प्रश्नात ‘क’च्या जागी ‘कॅमेऱ्यांसाठी मुद्दाम आदल्या वर्षी सगळ्यात जास्त अपघात झालेले चौक निवडले होते’ असं असतं तरी ते उत्तर झालं असतं. एखादं वर्ष फारच वाईट गेलं की पुढचं वर्ष आपोआप जरा बरं जाण्याची शक्यता असते, संख्याशास्त्रात त्याला सरासरीकडे परतणं म्हणतात, आणि कठीण प्रश्नांत हा मुद्दा फार चोरपावलांनी येतो.

प्र. कारण-परिणामाचे प्रश्न ओळखायचे कसे आणि त्यांना कुठे कुठे मारता येतं?

ओळखायला सोपे. पुराव्यात दोन गोष्टी बरोबर घडतात आणि निष्कर्षात ‘मुळे’ येतं. ‘मुळे’ दिसलं की कान टवकारा. मारायच्या जागा ठरलेल्या आहेत. दुसरंच कारण असू शकतं. कारण आणि परिणाम उलटे असू शकतात. दोन्हींच्या मागे तिसरीच गोष्ट असू शकते. कारण आहे पण परिणाम दिसत नाही, किंवा परिणाम आहे पण कारण नाही, अशी ठिकाणं सापडू शकतात. नाहीतर मोजमापच गंडलेलं असू शकतं.

याचं खऱ्या जगातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी दाखवलं की फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्यांमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण जास्त आहे. त्यावर १९५७-५८ च्या सुमारास रोनाल्ड फिशर हा अत्यंत नावाजलेला संख्याशास्त्रज्ञ आडवा आला (स्वतः पाइप ओढायचा, हे लक्षात ठेवा). त्याचं म्हणणं, कदाचित एखादी आनुवंशिक गोष्ट माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. म्हणजे तिसरी गोष्ट. किंवा कॅन्सरच्या आधीची जी सुरुवातीची जळजळ असते तिच्यामुळे माणूस आरामासाठी सिगारेट ओढायला लागत असेल. म्हणजे उलटं कारण.

परीक्षेच्या भाषेत बघाल तर फिशरचे दोन्ही मुद्दे फर्स्ट क्लास वीकनर, म्हणजे कमकुवत करणारी विधानं, आहेत. डॉल-हिलचा डेटा खोटा आहे असं या दोन मुद्द्यांत कुठेच म्हटलेलं नाही, डेटा मान्य करून मधला स्क्रू हलवलाय. आणि तरीही फिशर चुकला, सिगारेटमुळे कॅन्सर होतोच. म्हणून मी म्हणतो की आर्ग्युमेंट कमकुवत होणं आणि निष्कर्ष खोटा असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, फिशरची गोष्ट डोक्यात बसली की पहिल्या प्रश्नातला गोंधळ परत होत नाही. पुढे डॉल आणि हिल यांनी १९५१ पासून ब्रिटनमधल्या सुमारे ४० हजार डॉक्टरांच्या सवयी नोंदवून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, त्यातून दिसलं की ज्यांनी सिगारेट सोडली त्यांचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा कमी होत जातो. जनुकं काही सिगारेट सोडल्यावर बदलत नाहीत, त्यामुळे फिशरच्या मुद्द्याचाच वीकनर तयार झाला.

प्र. सर्व्हे आणि टक्केवारी आली की माझा हमखास घोळ होतो.

सर्व्हे आला की एकच विचारा, ज्यांना विचारलं ते बाकीच्यांसारखे आहेत का? किती लोकांना विचारलं हा प्रश्न त्याच्या नंतरचा. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त भरून परत आल्या, आणि त्यावरून सांगितलं की रुझवेल्टविरुद्ध उभे असलेले आल्फ लँडन जिंकणार. रुझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्ते बरेचसे फोनधारक आणि गाडीमालकांच्या याद्यांमधून घेतलेले होते, मंदीच्या काळात फोन आणि गाडी कोणाकडे असणार ते बघा, आणि त्यातही उत्तर पाठवायची तसदी ज्यांनी घेतली तेच मोजले गेले. तेव्हा ‘सर्व्हे फक्त ५०० लोकांचा होता’ हा ऑप्शन बहुतेक वेळा फुसका असतो आणि ‘सर्व्हेत भाग घेणारे स्वतःहून पुढे आलेले होते’ हा जास्त लागतो.

टक्केवारीचं एक जवळून बघू. ‘कारखान्यातल्या एकूण अपघातांत रात्रपाळीचा वाटा ४० टक्क्यांवरून ६० टक्के झाला, म्हणून रात्रपाळी आधीपेक्षा धोकादायक झाली.’ आता आकडे घाला. आधी एकूण १०० अपघात, रात्री ४०, दिवसा ६०. आता एकूण ५०, रात्री ३०, दिवसा २०. वाटा ६० टक्के झाला आणि रात्रीचे अपघात प्रत्यक्षात ४० वरून ३० वर आले! त्यामुळे ‘दिवसपाळीतले अपघात खूप मोठ्या प्रमाणात घटले’ हे उत्तर. टक्के दिसले की कशाचे टक्के ते विचारायचं आणि कागदावर दोन खोटे आकडे मांडायचे, पंधरा सेकंद लागतात.

गट एकत्र केल्यावर चित्र बदलतं हाही एक प्रकार आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ साली पदव्युत्तर प्रवेशाला अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के घेतले गेले आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के, सरळ भेदभाव वाटतो. विभागवार पाहिलं तर तसा सरसकट कल दिसेना, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणंच अवघड तिथे स्त्रियांचे अर्ज जास्त होते.

प्र. ‘योजना’वाले प्रश्न वेगळे सोडवायचे का?

जीमॅटला हे खूप येतात. रीत तीच, फक्त निष्कर्षाच्या जागी ‘हे केलं की ते साध्य होईल’ असतं. म्हणून उद्देश अक्षरशः अधोरेखित करा. उद्देश गर्दी कमी करण्याचा असेल आणि योजना रस्ता रुंद करण्याची असेल, तर ‘रस्ता रुंद झाला की सध्या गाडी न काढणारे बरेच लोक गाडी काढू लागतील’ हा ऑप्शन लागू, आणि ‘रुंदीकरण महाग आहे’ हा नाही, कारण स्वस्तात करू असं कोणी म्हटलेलंच नाही. योजना वाईट आहे आणि योजना उद्देश गाठणार नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्र. पुराव्यालाच खोटं ठरवणारा ऑप्शन चालतो का?

जवळजवळ कधीच उत्तर नसतो. पॅसेज म्हणतो अपघात ३० टक्क्यांनी घटले, तर ते घटले. पण ‘अपघात नोंदवायची व्याख्याच त्या वर्षी बदलली’ असा ऑप्शन आला तर तो वेगळा, तो आकडा मान्य करतो आणि आकड्यातून निघणारा अर्थ काढून घेतो. ही सीमारेषा बारीक आहे, सरावानेच दिसायला लागते.

प्र. ‘सगळे’, ‘कधीच’ असे टोकाचे शब्द असलेले ऑप्शन काढून टाकायचे असतात ना?

हा सल्ला दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांचा आहे आणि लोक तो इकडे घेऊन येतात. पॅसेजवरून काय अनुमान निघतं असं विचारलं असेल तेव्हा टोकाचे शब्द धोक्याचे, कारण तिथे ऑप्शन तुम्हाला सिद्ध करायचा असतो. इथे ऑप्शन आयताच खरा म्हणून हातात दिलेला असतो, मग तो जितका जोरदार तितका बरा! उलट ‘काही’, ‘कधीकधी’, ‘एखादवेळेस’ यांच्याकडे संशयाने बघा, कॅमेऱ्याच्या प्रश्नातला ‘ब’ आठवा.

अर्थात निष्कर्षच टोकाचा असेल, ‘एकाही रुग्णाला याचा त्रास होत नाही’ असा, तर ‘काही रुग्णांना त्रास झाला’ एवढं साधं विधानसुद्धा त्याला आडवं करतं. म्हणजे शब्दाचं वजन निष्कर्षाच्या वजनाशी ताडून बघायचं.

प्र. शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि मी नेहमी चुकीचा मारतो.

‘नेहमी’ म्हणजे पॅटर्न आहे, नशीब नाही. बहुतेक वेळा असं होतं की एक ऑप्शन निष्कर्षाला थेट लागतो आणि दुसरा लागण्यासाठी तुम्हाला मनातल्या मनात एक-दोन वाक्यं जोडावी लागतात, ‘म्हणजे मग असं होईल, आणि मग तसं...’. ज्याच्यासाठी गोष्ट रचावी लागते तो सोडा. हुशार मुलं इथे जास्त चुकतात कारण त्यांना गोष्टी पटकन रचता येतात.

एवढ्यानेही सुटलं नाही तर दोन्ही ऑप्शनचं उत्तर आर्ग्युमेंट करणाऱ्याच्या तोंडी घालून बघा. तो खांदे उडवून ‘मग काय झालं?’ म्हणू शकत असेल तर तो ऑप्शन गेला.

प्र. मी घाईत उलटं उत्तर मारतो, म्हणजे भक्कम करणारा ऑप्शन. असं फक्त माझंच होतं का?

सगळ्यांचं होतं. मी एका मॉकमध्ये (सराव परीक्षेत) सलग तीन प्रश्न असे घालवले होते, तिन्हींत विचार बरोबर, दुवा बरोबर पकडलेला आणि दिशा उलटी. तेव्हापासून कच्च्या कागदावर आधी खाली जाणारा बाण काढतो, मगच ऑप्शन वाचतो. बालिश वाटेल पण त्यानंतर ही चूक जवळपास बंद झाली.

प्र. ‘खालीलपैकी एक सोडून सगळी विधानं कमकुवत करतात’ यात उत्तर भक्कम करणारंच असतं का?

नाही. चार कमकुवत करतात, पाचवं भक्कम करत असेल किंवा त्याचा काही संबंधच नसेल, आणि बऱ्याचदा दुसरंच असतं. लोक भक्कम करणारं शोधत बसतात, सापडत नाही, मग घाबरतात. कमकुवत करणाऱ्या प्रत्येक ऑप्शनपुढे ‘कमकुवत’ लिहीत जा, ज्याच्यापुढे लिहिता येत नाही ते उत्तर.

प्र. असम्प्शन (गृहीतक ओळखा), फ्लॉ (युक्तिवादातली चूक ओळखा) आणि वीकन या प्रश्नांत फरक काय? तिन्ही सारखेच वाटतात.

वाटणारच, तिन्ही त्याच स्क्रूबद्दल विचारतात. असम्प्शनमध्ये स्क्रूचं नाव सांगायचं, फ्लॉमध्ये लेखकाने तो तपासलाच नाही असं वर्णन करायचं, वीकनमध्ये बाहेरून नवी माहिती आणून तो हलवायचा. म्हणून ‘पॅसेजमध्ये याचा उल्लेखच नव्हता’ या कारणावरून वीकनचा ऑप्शन कधीच उडवू नका, नवी माहिती येणारच, रिंग रोडचा तरी कुठे उल्लेख होता? आणि एखाद्या आवश्यक गृहीतकाच्या पुढे ‘नाही’ लावलं की वीकनर आपोआप तयार होतो, हे उलटसुलट करून बघण्यासारखं आहे.

प्र. एका प्रश्नाला किती वेळ द्यायचा?

एलसॅटला एका सेक्शनला ३५ मिनिटं आणि साधारण २५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला जेमतेम १ मिनिट २५ सेकंद. ऑगस्ट २०२४ पासून तिथे लॉजिक गेम्स (कोड्यांसारख्या प्रश्नांचा सेक्शन) गेले आणि मार्कांत धरले जाणारे लॉजिकल रिझनिंगचे दोन सेक्शन झाले, त्यामुळे या प्रश्नांचं वजन आणखी वाढलं. जीमॅटच्या आताच्या रूपात व्हर्बल (भाषेच्या) सेक्शनला ४५ मिनिटांत २३ प्रश्न, पण त्यात उतारेही वाचायचे असतात. माझा हिशेब असा की निम्म्याच्या आसपास वेळ पॅसेजवर गेला तरी चालेल, निष्कर्ष आणि स्क्रू हातात आले की चुकीचे ऑप्शन झरझर गळतात. जे लोक पॅसेज वीस सेकंदांत उरकतात तेच ऑप्शन तीनदा वाचतात.

प्र. सराव किती करायचा? रोज पन्नास प्रश्न पुरतील?

पन्नास सोडवून उत्तरं तपासून पुढे गेलात तर महिनाभरानेही त्याच चुका कराल. रोज दहा सोडवा, आणि चुकलेल्या प्रत्येकाबद्दल वहीत तीन ओळी लिहा, निष्कर्ष काय होता, स्क्रू कुठला होता, आणि चुकीचा ऑप्शन मला का आवडला. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आणि लिहायला सगळ्यात लाजिरवाणी. माझ्या वहीत महिन्याभराने पाहिलं तर ‘शब्द पॅसेजमधलेच होते म्हणून आवडला’ हे इतक्या वेळा लिहिलेलं होतं की पुढे पुढे मी नुसतं ‘शब्द’ लिहायला लागलो.

प्र. मार्क केलेलं उत्तर बदलावं का?

कारण एका वाक्यात सांगता येत असेल तर बदला, नुसतं पोटात गोळा आला म्हणून बदलू नका. जीमॅटला तसंही प्रत्येक सेक्शनमध्ये तीनच उत्तरं बदलता येतात, एलसॅटला तो सेक्शन संपेपर्यंत मागे जाता येतं आणि चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा तिथे निदान कोरं काही सोडू नका.